मुलींच्या वसतिगृहासाठी हरित मानांकनाची निवड : प्रकल्प नोंदी

१८ मे २०२३

वसतिगृहाच्या इमारतीसाठी मिळणाऱ्या देणगीचे पत्र आज संस्थेच्या कार्यालयात आले. रकमेसोबत त्यात एक अट आहे. इमारतीला मान्यताप्राप्त हरित मानांकन पद्धतीचे, म्हणजे पर्यावरणपूरक बांधकामाला गुण देणाऱ्या पद्धतीचे, प्रमाणपत्र घ्यावे लागेल, आणि कोणती पद्धत निवडली व ती का निवडली, हे नकाशे कायम होण्याआधी लेखी कळवावे लागेल. विश्वस्तांनी हे काम माझ्याकडे सोपवले आहे. निर्णय कसा होत गेला ते पुढे कोणालाही तपासता यावे, म्हणून ही वही आजपासून लिहीत आहे.

इमारत तळमजला आणि पहिला मजला मिळून १,०८० चौरस मीटरची आहे. साठ मुली आणि सहा कर्मचारी यांची राहण्याची सोय, एक अभ्यासिका, स्वयंपाकघर आणि जेवणाची खोली एवढा तिचा पसारा. जागा अमरावती जिल्ह्याच्या दर्यापूर तालुक्यात, पूर्णेच्या खोऱ्यातील खारपाणपट्ट्यात आहे. या पट्ट्यात घर बांधणाऱ्याला तीन गोष्टींशी झगडावे लागते. जमिनीखालचे पाणी खारे असते, उन्हाळ्यात छत आणि पश्चिमेची भिंत पेटल्यासारखी तापते, आणि काळी माती पावसात फुगून उन्हाळ्यात हातभर भेगा टाकते. मानांकनाची कोणतीही पद्धत समोर आली तरी या तीन गोष्टींबद्दल ती आम्हाला काय विचारते आणि कशाचा पुरावा मागते, हे मी सर्वांत आधी पाहणार आहे. प्रमाणपत्राचे नाव किती मोठे आहे याचा विचार त्यानंतर करता येईल.

२७ मे २०२३

पद्धतींची कागदपत्रे वाचण्यापूर्वी गावातल्या घरांचे तापमान मोजून घ्यावे असे वाटले. गावठाणातील एक जुने धाब्याचे घर आणि त्याच्याच गल्लीतील दहा वर्षांपूर्वीचे स्लॅबचे दुमजली घर अशी दोन ठिकाणे निवडली आणि दोन्हीकडे एकाच बनावटीचे तापमापक टांगले. दुपारी अडीच वाजता बाहेर सावलीत ४४.५ अंश होते. धाब्याच्या घरात ३४ आणि स्लॅबच्या घराच्या वरच्या खोलीत ४१ अंश भरले. त्याहून महत्त्वाचा मला रात्री दहाचा आकडा वाटतो. बाहेर वारा सुटला होता, तरी वरच्या खोलीत ३८ अंश होते, कारण दिवसभर तापलेला स्लॅब ती उष्णता रात्री खोलीत सोडत होता. वसतिगृहातील मुली त्याच वेळी अभ्यासाला बसणार आणि नंतर झोपणार आहेत.

सोबत आलेल्या मिस्त्रींनी धाब्याच्या छताकडे बोट दाखवले आणि म्हणाले, "ताई, मातीच्या धाब्यात ऊन उतरतच नाई. स्लॅब म्हनजे निरा तवा." धाब्याची माती दरवर्षी पावसाळ्याच्या तोंडावर नव्याने घालावी लागते आणि दुमजली वसतिगृहाला ते छत झेपणार नाही, हे त्यांनाही मान्य आहे. तरीही त्यांचे निरीक्षण अचूक आहे. निवासी इमारतींसाठीच्या २०१८ च्या 'इको निवास संहिते'त छताची उष्णता-वहनक्षमता दर चौरस मीटरला, दर अंशाला १.२ वॅटपेक्षा अधिक नसावी अशी मर्यादा आहे, आणि नुसत्या काँक्रीटच्या छताची ती तीनच्या वर जाते. छताला ५० मिलिमीटर जाडीचा उष्णतारोधक थर आणि त्यावर पांढऱ्या चिनी मातीच्या तुकड्यांची फरशी दिली तर ती एकच्या खाली येते. हा खर्च अंदाजपत्रकात आजच धरून ठेवला.

आणखी एक बाब नकाशाकाराला कळवायची आहे. आपल्या अक्षांशावर मेच्या अखेरच्या आठवड्यात मध्यान्हीचा सूर्य थेट डोक्यावर येतो आणि तेथून जुलैच्या मध्यापर्यंत किंचित उत्तरेकडे असतो. त्यामुळे उत्तरेची भिंत सदा सावलीत राहते, हे पुस्तकी गृहीतक येथे त्या काळात लागू होत नाही. खिडक्यांवरचे छज्जे उत्तरेलाही लागतील. पश्चिमेला मात्र सूर्य खाली उतरलेला असतो आणि छज्जा कितीही रुंद केला तरी ऊन अडत नाही. त्या बाजूला जिना, भांडारगृह आणि न्हाणीघरे ठेवावीत, निजण्याच्या खोल्या ठेवू नयेत.

९ जून २०२३

जागेवरील कूपनलिकेच्या पाण्याचा तपासणी अहवाल आला. विद्राव्य क्षार लिटरला ३,४०० मिलिग्रॅम आणि क्लोराइड १,१५० मिलिग्रॅम आहे. पिण्याच्या पाण्याच्या भारतीय मानकात क्षारांची इष्ट मर्यादा ५०० आणि दुसरा स्रोतच नसेल तर २,००० आहे. म्हणजे हे पाणी पिण्यासाठी कोणत्याही अर्थाने चालणार नाही. गावाला नळयोजनेचे पाणी मिळते, परंतु ते दररोज येत नाही आणि उन्हाळ्यात दोन पाळ्यांतील अंतर वाढत जाते.

अहवालाचा दुसरा परिणाम बांधकामावर होतो आणि त्याकडे आमच्या भागात सहसा दुर्लक्ष होते. काँक्रीटविषयीच्या 'आयएस ४५६' या मानकानुसार सळईच्या काँक्रीटसाठी वापरायच्या पाण्यात क्लोराइड लिटरला ५०० मिलिग्रॅमपेक्षा अधिक असू नये. आमच्या कूपनलिकेत ते दुपटीहून अधिक आहे. अशा पाण्याने काँक्रीट घट्ट होते, म्हणून कोणाला शंका येत नाही. आत मात्र क्लोराइडमुळे सळईला गंज चढतो, गंजलेली सळई फुगते आणि काही वर्षांत तिच्यावरचे आवरण सुटून खाली पडते. भिंतींना लोणा लागून गिलाव्याचे पोपडे निघतात ते निराळेच. दहा वर्षांत डागडुजीला येणारी आणि त्यासाठी पुन्हा सिमेंट, लोखंड व पैसा खाणारी इमारत कितीही ताऱ्यांची असली, तरी मी तिला हरित म्हणू शकणार नाही. बांधकामाचे पाणी बाहेरून आणावे लागणार, हे ठरले.

२१ जून २०२३

आज पद्धतींच्या वाचनाला सुरुवात केली. देणगीदारांच्या प्रतिनिधींनी दूरध्वनीवर 'लीड'चे नाव घेतले होते, म्हणून त्यापासून आरंभ केला.

लीड ही अमेरिकेच्या हरित इमारत परिषदेची पद्धत आहे. ती परिषद १९९३ मध्ये स्थापन झाली. आपल्याकडे ती पद्धत पोचली ती हैदराबादच्या एका इमारतीमुळे. भारतीय उद्योग महासंघाच्या सोहराबजी गोदरेज हरित केंद्राला २००३ मध्ये लीडचा सर्वोच्च प्लॅटिनम दर्जा मिळाला आणि अमेरिकेबाहेर तो दर्जा मिळवणारी ती पहिली इमारत ठरली. पद्धतीत ४० गुणांना प्रमाणपत्र, ५० ला रौप्य, ६० ला सुवर्ण आणि ८० ला प्लॅटिनम दर्जा आहे. एकूण गुण ११० आहेत. पद्धत काटेकोर आहे आणि तिचे पुस्तक वाचताना मला पुष्कळ शिकायला मिळाले.

अडचण गुणांच्या वाटणीत आहे. चौथ्या आवृत्तीत नव्या बांधकामासाठी ११० पैकी १६ गुण स्थान आणि वाहतूक या विभागाला आहेत. आजूबाजूला दाट वस्ती असणे, दुकाने व सेवा चालत जाण्याच्या अंतरावर असणे, सार्वजनिक वाहनांच्या ठरावीक फेऱ्या असणे, अशा गोष्टींना ते मिळतात. मोठ्या शहरात हा विचार योग्यच आहे, कारण तेथे इमारत कोठे उभी राहते यावर रोजचा इंधनखर्च ठरतो. आमच्या गावात दिवसाला एसटीच्या मोजक्या फेऱ्या आहेत आणि वसतिगृह बांधण्याचे कारणच हे, की त्या फेऱ्यांवर अवलंबून मुलींचे शिक्षण सुटते. ज्या उणिवेवर इमारत हा उपाय आहे, त्याच उणिवेचे गुण तिच्या खात्यातून वजा होणार. ऊर्जेची तुलनाही सहसा अमेरिकी मानकाच्या आधारे करावी लागते आणि त्यासाठी संगणकीय प्रतिमान तयार करणारा तज्ज्ञ नागपुरातून किंवा पुण्याहून बोलवावा लागेल. आमच्या इमारतीत वातानुकूलन नाही, फक्त पंखे आहेत. एवढ्या इमारतीसाठी तो खर्च मला समर्थनीय वाटत नाही.

३० जून २०२३

आयजीबीसी, म्हणजे भारतीय हरित इमारत परिषद, २००१ मध्ये उद्योग महासंघाच्या पुढाकाराने स्थापन झाली आणि तिचे मुख्यालय हैदराबादला आहे. घरे, शाळा, रुग्णालये, इतकेच काय, गावांसाठीही तिच्या स्वतंत्र पद्धती आहेत. भारतीय हवामान आणि भारतीय साहित्य त्यांत गृहीत धरलेले आहे. आमचे वसतिगृह शाळेच्या आवारात नाही आणि ते कुटुंबांचे घरही नाही, त्यामुळे ते कोणत्या पद्धतीत बसेल, हे आधी विचारून घ्यावे लागेल. यादीत ठेवले.

ऊर्जा दक्षता ब्यूरोची ताऱ्यांची योजना आणि ऊर्जा संवर्धन इमारत संहिता यांचा आमच्याशी संबंध येत नाही. संहिता १०० किलोवॅट किंवा त्याहून अधिक जोडभाराच्या, म्हणजे सर्व उपकरणांचा मिळून तेवढा विजेचा भार असलेल्या, व्यापारी इमारतींसाठी आहे. आमचा जोडभार त्याच्या तिसऱ्या हिश्शाइतकाही नाही.

१२ जुलै २०२३

'एज' ही पद्धत जागतिक बँक गटातील आंतरराष्ट्रीय वित्त महामंडळाची आहे. तिचे संगणकीय साधन इंटरनेटवर विनामूल्य उपलब्ध असल्यामुळे आज कार्यालयातच बसून आमच्या इमारतीची माहिती तिच्यात भरली. ऊर्जा, पाणी आणि साहित्यात गुंतलेली (ते तयार करताना खर्च झालेली) ऊर्जा या तिन्हींत सर्वसाधारण स्थानिक इमारतीपेक्षा किमान २० टक्के बचत दाखवावी लागते. एवढा एकच नियम आहे आणि तो कोणालाही समजावून सांगता येतो.

तिची एक गोष्ट मला मनापासून आवडली. इमारतीत थंडाव्याचे यंत्र नसले, तरी ती सुसह्य ठेवायला किती वीज लागली असती, हे साधन मोजते आणि तो आकडा हिशेबात दाखवते. छताचा थर, पश्चिमेकडील खोल्यांची मांडणी, भिंतींचा रंग यांत बदल केला की आकडा लगेच हलतो. नकाशाकार आणि मी दोन तास हाच खेळ करत बसलो होतो, आणि खिडक्यांचा आकार कमी करण्याविषयीचा आमचा महिनाभराचा वाद त्यात मिटला.

पाण्याच्या भागात मात्र साधन मुख्यतः नळ किती वाहतो हे विचारते, पाणी कसे आहे हे विचारत नाही. कमी प्रवाहाचे नळ बसवा, बचत दिसेल. खारपाणपट्ट्यात अशा नळांच्या जाळीवर दोन महिन्यांत क्षारांचा थर बसतो, मग मुली जाळी काढून ठेवतात आणि कागदावरची बचत तेथेच संपते. माती आणि पाया यांबद्दलही ही पद्धत काही विचारत नाही. आमच्या तीन अडचणींपैकी तिचे उत्तर एकीलाच मिळते, पण त्या एकीपुरते ते फार चांगले आहे. मानांकन कोणतेही घेतले, तरी संकल्पनाच्या टप्प्यावर हे साधन वापरत राहायचे.

२६ जुलै २०२३

सलग तीन दिवस पाऊस झाला आणि जागेकडे जाणारा कच्चा रस्ता चिखलाने बंद आहे. काम झाले नाही.

५ ऑगस्ट २०२३

'गृह' या पद्धतीचे नाव इंग्रजी आद्याक्षरांपासून बनले असले, तरी ते आपल्याच भाषेतला शब्द म्हणून वाचता येते. टेरी या ऊर्जा आणि पर्यावरणावर काम करणाऱ्या संस्थेने ती रचली, केंद्राच्या नवीन व नवीकरणीय ऊर्जा मंत्रालयाने ती पुढे नेली आणि २००७ मध्ये ती राष्ट्रीय मानांकन पद्धत म्हणून स्वीकारली गेली. मूळ पद्धत २,५०० चौरस मीटरपेक्षा मोठ्या इमारतींसाठी आहे. त्याहून लहान इमारतींसाठी 'स्वगृह' आहे आणि आमचे १,०८० चौरस मीटर तेथे सरळ बसतात. चौदा निकष, पन्नास गुण, पंचवीस गुणांना पहिला तारा आणि पंचेचाळीस व त्यापुढे पाच तारे, अशी तिची मांडणी आहे.

चौदा निकष दोनदा वाचले. जागेवरचा उन्हात उघडा राहणारा फरसबंद भाग कमी ठेवणे आणि स्थानिक झाडे जपणे, नैसर्गिक उजेड व वारा, छत-भिंतींची उष्णतारोधकता, दिवे आणि उपकरणे, जागेवरची नवीकरणीय ऊर्जा, पाण्याची गरज, पावसाचे पाणी, कचरा, साहित्यात गुंतलेली ऊर्जा, आणि शेवटी राहणाऱ्यांची जीवनपद्धती व नावीन्य. येथे प्रथमच असे वाटले की कोणीतरी आमच्या जागेवर उभे राहून प्रश्न विचारते आहे. वातानुकूलनाचा अभाव येथे उणीव मानला जात नाही. हिशेबाचे तक्ते असे आहेत की स्थापत्याची पदविका असलेली व्यक्ती ते स्वतः भरू शकते. पावसाच्या पाण्याच्या निकषात साठवण आणि पुनर्भरण हे दोन्ही मार्ग आहेत, आणि याचे महत्त्व आमच्या पट्ट्याबाहेरच्या माणसाला लगेच लक्षात येणार नाही. शासकीय योजनांपासून भाषणांपर्यंत सगळीकडे पाणी जमिनीत मुरवण्याचा आग्रह असतो. येथे खोलवर चिकण काळी माती आहे, पाणी सावकाश मुरते, आणि मुरलेले गोडे पाणी खालच्या खाऱ्या पाण्याला जाऊन मिळते. ते परत उपसून प्यायला मिळेल याची खात्री देता येत नाही. छतावरचे पाणी जमिनीच्या हवाली करण्याऐवजी झाकलेल्या टाक्यात धरून ठेवणे हेच येथे शहाणपणाचे आहे.

त्याचा हिशेब आज पूर्ण केला. पाऊस ७०० मिलिमीटरच धरला, छत ५२० चौरस मीटर आणि वाहून येण्याचे प्रमाण ०.८ धरले, तर वर्षाला सुमारे २ लाख ९१ हजार लिटर पाणी मिळते. पिणे आणि स्वयंपाक यांसाठी माणशी आठ लिटर धरले तर ६६ जणांना दिवसाला ५२८ लिटर लागतात. ऑक्टोबर ते एप्रिल या २१२ दिवसांची गरज सुमारे १ लाख १२ हजार लिटर होते. म्हणजे सव्वा लाख लिटरचे टाके बांधले, तर पावसाळा संपल्यापासून उन्हाळी सुटी लागेपर्यंत मुलींना पिण्यासाठी खाऱ्या पाण्याला हात लावावा लागणार नाही. क्षार गाळण्याचे यंत्रही लागणार नाही. ही गोष्ट मोठी आहे, कारण ते यंत्र जेवढे शुद्ध पाणी देते त्यासोबत आणखी खारे पाणी बाहेर टाकते, आणि ते टाकायला आमच्याकडे जागा नाही. झाडांना घातले तर झाडे जातात.

१९ ऑगस्ट २०२३

विश्वस्तांची बैठक साडेतीन तास चालली. ज्येष्ठ विश्वस्त गुरुजींनी जो आक्षेप घेतला तो मी पूर्ण लिहून ठेवते, कारण तो योग्य होता. ते म्हणाले, "तुमचे टाके, तुमचा छताचा थर, राखेच्या विटा, हे सगळे आपण प्रमाणपत्राशिवायही करू शकतो. मग नोंदणीचे शुल्क आणि तपासणीचा खर्च कशासाठी? तेवढ्यात मुलींच्या पलंगांचा प्रश्न सुटेल." त्यांनी सेवाग्रामच्या बापू कुटीचा दाखला दिला. स्थानिक माती, बांबू, कवेलू आणि आसपासच्या कारागिरांचे हात यांवर ती उभी आहे आणि तिला कोणी तारे दिलेले नाहीत.

मी उत्तर दिले ते असे. बापू कुटीत जे राहत होते, साधेपणाची अट त्यांनीच घातली होती. आमच्या इमारतीत बांधणारा वेगळा, पैसे देणारा वेगळा, देखरेख करणारा वेगळा आणि राहणाऱ्या मुली वेगळ्या आहेत. अशा बांधकामात खर्च वाढू लागला की सर्वांत आधी डोळ्यांना न दिसणाऱ्या गोष्टी गळतात. छताचा थर फरशीखाली झाकलेला असतो, टाके जमिनीत असते, काँक्रीटमधले पाणी तर कोणालाच दिसत नाही. दर्शनी भागाचा रंग मात्र कधी गळत नाही. तपासायला बाहेरचा माणूस येणार आहे आणि तो पावती, छायाचित्र आणि मोजमाप मागणार आहे, हे ठाऊक असेल तर या झाकलेल्या गोष्टी अंदाजपत्रकात टिकून राहतात. मी शुल्क देऊ इच्छिते ते या धाकासाठी. फलकासाठी मला ते द्यायचे नाही.

गुरुजी थोडा वेळ गप्प राहिले आणि मग त्यांनी अट घातली की मानांकनाचा एकूण खर्च टाक्याच्या खर्चापेक्षा अधिक होता कामा नये, आणि गुण मिळवण्यासाठी मुलींच्या उपयोगी न पडणारी एकही वस्तू बसवू नये. दोन्ही अटी इतिवृत्तात लिहिल्या आहेत. दुसऱ्या अटीचे कारण बैठकीतच समोर होते. महिनाभरापूर्वी भेटलेल्या एका सल्लागारांनी हिरवळीचे लॉन आणि विजेवर चालणाऱ्या वाहनांसाठी भारणकेंद्र सुचवले होते. पावसाळा सरल्यावर ज्या गावात प्यायचे पाणी मोजून मिळते तेथे लॉनला पाणी घालायचे, हा विचार मला आजही समजत नाही. त्यांचे सहकार्य आम्ही घेतले नाही.

स्वगृह पद्धतीवर एकमत झाले. संकल्पनासाठी एजचे साधन वापरायचे, प्रमाणपत्र स्वगृहचे घ्यायचे, आणि इको निवास संहितेची छताची मर्यादा संस्थेने स्वतःहून पाळायची, असा ठराव झाला.

१३ सप्टेंबर २०२३

नोंदणी झाली. देणगीदारांनी निवड मान्य केल्याचे पत्र पाठवले. उद्या पोळा असल्यामुळे गावात कामाला कोणी नाही. बैलजोड्या धुण्यासाठी नदीवर गर्दी आहे.

४ ऑक्टोबर २०२३

आज एक नुकसान झाले आणि ते लिहिणे आवश्यक आहे. बांधकामाच्या जागेवरची वरची सुपीक माती आधी वेगळी काढून, कडेला रास करून, ताडपत्रीने झाकून ठेवायची असे मी ठेकेदाराला सांगितले होते. ती माती नंतर झाडांच्या आळ्यांत घालायची होती. दोन दिवस मी अमरावतीला होते. परत आले तेव्हा यंत्राने अर्ध्या जागेवरची काळी माती आणि खालचा भाग एकत्र उकरून टाकला होता आणि त्यावर भरावाचा मुरूमही पडला होता. एवढी माती घडायला किती पिढ्या जातात हे शेतकऱ्याच्या घरात वाढलेल्या माणसाला सांगावे लागत नाही. ठेकेदाराचे म्हणणे, तोंडी सूचना यंत्रचालकापर्यंत पोचली नाही. त्यात तथ्य आहे. यापुढे मानांकनाशी संबंधित प्रत्येक सूचना साइटच्या वहीत लिहून त्यावर स्वाक्षरी घ्यायची. उरलेल्या अर्ध्या जागेवरची माती आज माझ्यासमोर वेगळी काढली आणि छायाचित्रे घेतली.

२२ नोव्हेंबर २०२३

पायासाठी खालच्या टोकाला कंद असलेले काँक्रीटचे स्तंभ घेतले आहेत. रुरकीच्या केंद्रीय इमारत संशोधन संस्थेने काळ्या मातीसाठी विकसित केलेली ही पद्धत आहे. मातीचे फुगणे-आकसणे जेथवर होते त्या थराच्या खाली, म्हणजे साडेतीन मीटरच्या पुढे, स्तंभ उतरवले की वरच्या मातीची हालचाल इमारतीला जाणवत नाही. सगळी काळी माती खणून मुरूम भरण्यापेक्षा यात खोदकाम आणि वाहतूक पुष्कळ वाचते.

टाके इमारतीच्या आधी बांधायचे ठरवले होते आणि ते आज पूर्ण झाले. सध्या त्यात टँकरने आणलेले गोडे पाणी साठवतो आणि तेच काँक्रीटला वापरतो. प्रत्येक टँकरचे क्लोराइड जागेवरच तपासण्याची पेटी घेतली आहे. एक टँकर परत पाठवावा लागला. क्युरिंगसाठी, म्हणजे काँक्रीट ओले ठेवून पक्के होऊ देण्यासाठी, ओल्या तरटांचा वापर सुरू आहे, त्यामुळे नळीने पाणी मारण्यापेक्षा निम्म्याहून कमी पाणी लागते. कापसाच्या वेचणीमुळे मजूर कमी आहेत आणि काम आठ दिवस मागे पडले आहे.

१७ जानेवारी २०२४

विटांची निवड झाली. पारसच्या औष्णिक विद्युत केंद्राची राख वापरून केलेल्या विटा शंभर किलोमीटरच्या आत मिळतात. त्या भट्टीत भाजाव्या लागत नाहीत आणि त्यांसाठी शेताची माती उकरावी लागत नाही, म्हणून गुंतलेल्या ऊर्जेच्या निकषात त्यांचा लाभ होतो. चार कारखान्यांचे नमुने आणून भार आणि पाणी शोषण्याची चाचणी घेतली. एकाचा नमुना दाबाखाली लवकर फुटला, दोन ठीक होते, एक उत्तम होता. उत्तम असलेला थोडा महाग आहे आणि तोच घेतला. जोत्याखाली आणि जोत्यावर ओलावारोधक थर दोनदा द्यायचा आहे, कारण खारी ओल खालून चढली तर वीट कोणतीही असली तरी लोणा लागतोच.

संडासाच्या पाण्यासाठी कूपनलिकेचे खारे पाणी वेगळ्या प्लास्टिकच्या नळांनी नेणार आहोत. न्हाणीघरांत नळयोजनेचे पाणी असेल आणि तेच वापरलेले पाणी गाळून कडुनिंब व करंजाच्या झाडांना जाईल. दोन्ही सांडपाणी एकमेकांत मिसळू द्यायचे नाही. ही दुहेरी व्यवस्था नावीन्याच्या निकषाखाली मांडली आहे.

११ मार्च २०२४

गुणांचा स्वतःपुरता हिशेब आज पुन्हा केला. ३६ गुण दिसतात, म्हणजे तीन तारे. पंखे ७५ वॅटऐवजी ३० वॅटचे घेतले आहेत. ४८ पंखे रोज बारा तास चालले तर दिवसाला सुमारे २६ युनिट वाचतात, आणि छतावरची १० किलोवॅटची सौर यंत्रणा दिवसाला सुमारे ४० युनिट देईल. आणखी चार गुण मिळवले तर चौथा तारा मिळतो. त्यासाठी आतील दारे आणि फर्निचर यांचे साहित्य बदलावे लागेल आणि तो पैसा पलंगांच्या रकमेतून काढावा लागेल. गुरुजींची अट लक्षात ठेवून मी तसा प्रस्ताव मांडला नाही. तीन ताऱ्यांवर थांबायचे.

२ जुलै २०२४

छत पूर्ण होऊन त्यावरचा थर आणि पांढरी फरशी मेच्या अखेरीस झाली होती. पहिल्या दोन पावसांचे पाणी धूळ धुऊन जाण्यासाठी वळण-नळीतून बाहेर सोडले आणि तिसऱ्या पावसापासून टाक्यात घेतले. आज टाक्याची पातळी ९४ सेंटिमीटर आहे. नमुना तपासला : विद्राव्य क्षार लिटरला ७० मिलिग्रॅम. आतील गिलाव्याचे काम उद्यापासून याच पाण्यात करायचे आहे. मिस्त्रींनी ओंजळभर पिऊन पाहिले आणि दुसऱ्या मजुरालाही बोलावून पाजले.

अंतिम तपासणीसाठीची कागदपत्रे लावून झाली आहेत. त्यात मातीच्या नुकसानीची नोंद आणि तिची छायाचित्रेही ठेवली आहेत. इमारत पूर्ण झाल्यावर स्थळपाहणीसाठी तपासनीस येतील. तोपर्यंत वरच्या मजल्यावरील अभ्यासिकेत आणि खालच्या निजण्याच्या खोलीत असे दोन तापमापक आज बसवले. रोज दुपारी अडीच आणि रात्री दहाला वाचन घ्यायचे आहे.